छोट्या डेस्कटॉपला बाहेरचा माइक कसा जोडायचा?

ऐकीव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम अंगावर घेतलंय. लॅपटॉप नाही. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवलेला, तळहातावर मावेल असा छोटा डेस्कटॉप आहे आणि त्यात माइक नाही. घरात गाण्याच्या कार्यक्रमात वापरतात तसा हातात धरायचा एक माइक पडून होता, खाली तीन पिनांचा गोल एक्सएलआर सॉकेटवाला. त्यासाठी एक्सएलआर ते ३.५ मिमी अशी केबल मिळवली आणि डब्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं चित्र असलेल्या भोकात खुपसली. संगणक म्हणतो, "हेडफोन जोडला". रेकॉर्डिंगच्या यादीत माइकचं नावच नाही.

मॉनिटरच्या मागेही तसंच एक भोक आहे, तिथेही लावून पाहिलं. शून्य. माइक एका मित्राच्या साउंड मिक्सरवर व्यवस्थित चालतो, म्हणजे तो ठीक आहे. विंडोज ११ आहे. माझं नेमकं काय चुकतंय? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

बिनतारी

ब्लूटूथ हेडसेट घ्या. ना वायर ना भोक. विषय संपला.

---

सांजवेळ

आधी साधी गोष्ट बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मायक्रोफोन. तिथे वरचं बटण चालू हवं आणि अगदी खाली "डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोन वापरू द्या" असं वेगळं बटण आहे, तेही चालू हवं. ऑडॅसिटीसारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर त्या खालच्या बटणावर चालतात आणि लोक वरचं बघून पुढे जातात. मॅकवाल्यांनाही २०१८ च्या मोहावीपासून प्रत्येक ॲपला अशी परवानगी द्यावी लागते. तिथे परवानगी नाकारलेली असेल तर काहीच तक्रार न करता निव्वळ शांतता रेकॉर्ड होते, ते आणखी वैताग.

पण तुमच्या यादीत नावच दिसत नाही म्हणताय, म्हणजे दुखणं बहुधा भोकातच आहे. तारतम्य यांची वाट बघते.

---

तारतम्य

आलो.

ऐकीव, तुमच्या केबलची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन असतील. म्हणजे धातूचे तीन भाग: टोक, मधलं कडं आणि मागचा दांडा. याला टीआरएस म्हणतात. आता मोबाइलच्या जुन्या वायरवाल्या इयरफोनची पिन बघा, ज्यात बोलायचा माइक असतो. तिथे रेघा तीन, भाग चार. ती टीआरआरएस.

मोठ्या डेस्कटॉपच्या मागे रंगीत भोकं असतात: गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं, हिरवं स्पीकरचं. छोट्या डब्यात तेवढी जागा नसते, म्हणून ऐकणं आणि बोलणं एकाच भोकात कोंबलेलं असतं. त्या भोकात टोकाला डावा कान, पहिल्या कड्याला उजवा कान, दुसऱ्या कड्याला अर्थ (ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची परतीची तार) आणि सगळ्यात मागे माइक. तुमची तीन भागांची पिन आत गेली की तिचा लांब दांडा दुसरं कडं आणि माइक या दोन्ही जागांना एकदम टेकतो. म्हणजे माइकची जागा थेट अर्थला जोडली गेली. संगणक तपासतो, त्याला तिथे शॉर्ट दिसतो आणि तो ठरवतो की साधा हेडफोन आलाय. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. आणि तुमचा माइक त्या वेळी कुठे जोडलेला आहे? हेडफोनच्या आउटपुटला! तो बिचारा आवाज पाठवतोय आणि समोरूनही आवाजच येतोय.

तेव्हा पहिली पायरी: वाय आकाराचा स्प्लिटर. एका टोकाला टीआरआरएस पिन, दुसऱ्या टोकाला दोन भोकं, एकावर हेडफोनचं चित्र आणि दुसऱ्यावर माइकचं. दोन्हीवर हेडफोनचं चित्र असलेला घेऊ नका, तो दोघांनी मिळून गाणी ऐकायचा असतो. दिसायला दोन्ही सारखे, आणि गोंधळ तिथेच होतो.

मॉनिटरचं भोक सोडून द्या. ते एचडीएमआयवरून आलेला आवाज बाहेर काढायला असतं, उलट दिशेने तिथून संगणकाकडे काहीच जात नाही.

---

कुंपणावरचा

तारतम्य +१. थोडी भर: जुन्या काही हेडसेटमध्ये अर्थ आणि माइक यांच्या जागा उलट असतात. त्याला ओएमटीपी म्हणतात. आज सगळीकडे चालते ती सीटीआयए. जुन्या हेडसेटचा आवाज पोकळ येत असेल आणि बोलायचं बटण दाबून धरल्यावर सुधारत असेल तर हेच कारण समजा.

---

ऐकीव

सर्वांचे आभार. सांजवेळताई, दोन्ही बटणं चालू आहेत. जुन्या हेडसेटबरोबर आलेला वाय स्प्लिटर सापडला, एकावर हेडफोन, एकावर माइक, अगदी तारतम्य म्हणाले तसा. लावल्यावर एक खिडकी आली, "तुम्ही काय जोडलंत?" मी हेडसेट निवडलं. आता यादीत माइक दिसतो! पण ओरडलो तरी पट्टी जेमतेम हलते. मायक्रोफोन बूस्ट (माइकचा आवाज वाढवायची विंडोजमधली पट्टी) पूर्ण वर नेला तर माझा आवाज येतो, पण त्याच्याएवढाच खसखसाट येतो. हे असंच असतं का?

---

तारतम्य

हो, असंच असतं. आता खरी अडचण समोर आली.

संगणकाच्या त्या भोकात माइक म्हणून जो अपेक्षित आहे तो इलेक्ट्रेट कंडेन्सर. हेडसेटच्या दांडीवर असतो, कॉलरला लावायच्या माइकमध्ये असतो. त्याच्या पोटात एक चिमुकला ट्रान्झिस्टर असतो, त्याला थोडी वीज लागते आणि ती संगणक त्याच भोकातून दोनेक व्होल्टपासून पाच व्होल्टपर्यंत पुरवतो. बदल्यात तो माइक बऱ्यापैकी जोरदार सिग्नल देतो.

तुमचा डायनॅमिक माइक या जातीचा नाही. आत एक पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी, बाजूला लोहचुंबक. पडदा हलला की गुंडाळीत वीज तयार होते. बाहेरून वीज नको, धक्के खातो, वर्षानुवर्षं टिकतो. पण सिग्नल अगदी बारीक. १९६६ पासून स्टेजवर दिसणारा शुअरचा एसएम५८ घ्या: ९४ डेसिबलच्या आवाजाला तो देतो साधारण १.८५ मिलिव्होल्ट. ९४ डेसिबल म्हणजे साधारण माइक ओठांशी धरून बोलणं. शांतपणे पुस्तक वाचताना त्याच्याही खाली. घरगुती यंत्रं एकमेकांना ज्या पातळीचा सिग्नल देतात ती लाइन लेव्हल असते ०.३ व्होल्टच्या आसपास. म्हणजे सिग्नल शेकडो पटींनी वाढवायला हवा, आणि ते काम तुम्ही त्या डब्यातल्या ज्या प्रीॲम्पला (माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटला) सांगताय तो व्हिडिओ कॉलपुरता बसवलेला आहे. तो सिग्नलबरोबर स्वतःची खसखसही तितक्याच पटीने वाढवतो.

दोन मार्ग. एक, हाच माइक ठेवायचा आणि मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यायचा. डबीसारखी वस्तू असते: समोर एक्सएलआर सॉकेट आणि गेनचं (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) बटण, मागून यूएसबी. दोन, हा माइक बाजूला ठेवून थेट यूएसबी माइक घ्यायचा, ज्याच्या पोटातच प्रीॲम्प आणि डिजिटल करणारी चिप असते. दोन्ही मार्गांत डब्याचं ऑडिओ भोक वापरातूनच बाद होतं, आणि माझ्या मते छोट्या डेस्कटॉपवर ते बादच करावं.

---

गाळीव

असहमत. सगळ्यांनाच यूएसबीकडे पळवायची गरज नाही. मी त्याच भोकाला साधा कॉलर माइक स्प्लिटरमधून लावतो आणि तासन् तास शिकवण्या घेतो. कुणाची तक्रार नाही. माइक तोंडाजवळ असला की बूस्ट लागतच नाही, आणि बूस्ट नाही तर खसखस नाही.

---

तारतम्य

गाळीव, शिकवणीला तुमचं अगदी मान्य. कॉलर माइक इलेक्ट्रेट आहे, भोकाला हवा तोच. शिवाय कॉलचं सॉफ्टवेअर मागची खसखस स्वतः पुसत असतं, म्हणून समोरच्याला ती कळत नाही. ऐकीव यांचं काम वेगळं आहे. तासाभराचं पुस्तक कानाला हेडफोन लावून ऐकणारा माणूस प्रत्येक विरामात ती खसखस ऐकणार. तिथे सॉफ्टवेअरने पुसायला गेलं तर शब्दांच्या कडा खरवडल्या जातात, "स" आणि "श" आधी बिघडतात.

---

बिनतारी

माझ्या ब्लूटूथला कुणी उत्तरच दिलं नाही :)

---

कुंपणावरचा

घ्या उत्तर. ब्लूटूथ हेडसेटवर फक्त गाणी ऐकता तेव्हा एक प्रोफाइल (आवाज पाठवायची पद्धत) चालतं. माइक चालू केला की हेडसेट साधारणपणे फोन कॉलच्या प्रोफाइलवर उडी मारतो. तिथे जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेतात, सुधारित पद्धतीत १६,०००. म्हणजे वरची मर्यादा अनुक्रमे ४ आणि ८ किलोहर्ट्झ. कॉलला चालतं. पुस्तक वाचलंत तर ट्रंक कॉल आल्यासारखं वाटेल.

---

मधुरव

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न: इंटरफेसवर ४८ व्होल्टचं एक बटण असतं. ते चुकून दाबलं तर डायनॅमिक माइक जळतो असं ऐकलंय. खरं का?

---

गाळीव

जळतो! हात लावू नका.

---

तारतम्य

नीट एक्सएलआर ते एक्सएलआर केबल असेल तर जळत नाही. ते ४८ व्होल्ट २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखेच, प्रत्येकी ६.८ किलोओमच्या रेझिस्टरमधून येतात. गुंडाळीची दोन टोकं या दोन पिनांना. दोन्ही टोकांना सारखाच दाब, मग मधून प्रवाह वाहणार कसा? म्हणूनच याला फँटम म्हणतात, आहे पण डायनॅमिक माइकला जाणवत नाही. धोका असतो तो केबल खराब असेल, आत एक तार अर्थला टेकलेली असेल तेव्हा, आणि जुन्या रिबन माइकना (ज्यांत गुंडाळीऐवजी धातूची पातळ पट्टी असते). गरज नसेल तर बटण बंद ठेवा, आणि चालू-बंद करताना आवाज खाली करा, नाहीतर कानात ठाप्पकन आवाज बसतो. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला मात्र ते बटण लागतंच. तो कंडेन्सर आणून "आवाजच येत नाही" म्हणणारे बहुतेक जण हे बटण विसरलेले असतात.

अवांतर: ऐकीव, तुमची ती एक्सएलआर ते ३.५ मिमी केबल पुढे कॅमेऱ्याला वगैरे लावाल तर एक लक्षात ठेवा. काही केबलींत २ नंबरची पिन टोकाला आणि ३ नंबरची कड्याला जोडलेली असते. स्टिरिओ इनपुटमध्ये मग डावीकडे सरळ लाट आणि उजवीकडे तीच उलटी. हेडफोनवर ऐकायला फक्त जरा विचित्र वाटतं, पण एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही बाजू मिसळल्या की एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज जवळजवळ गायब.

---

सांजवेळ

हे शेवटचं भारीच! आमच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या फोनवर मुकं होतं आणि माझ्या हेडफोनवर व्यवस्थित. तेव्हा सगळे मलाच वेड्यात काढत होते.

---

ऐकीव

इंटरफेस आला. ड्रायव्हर वगैरे काही न टाकता विंडोजने ओळखला. केवढा फरक! खसखस जवळजवळ गेली. आता तीन शंका. आवाज फक्त डाव्या कानात येतो. मागे बारीक, शिट्टीसारखा "ईईई" ऐकू येतो. आणि डब्याच्या पंख्याचा आवाज पकडला जातो.

---

तारतम्य

डावा कान: बिघाड नाही. इंटरफेसचं पहिलं इनपुट म्हणजे स्टिरिओची डावी बाजू. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग चॅनल "मोनो" करा. एका माणसाच्या वाचनाला स्टिरिओ लागतही नाही.

शिट्टी: यूएसबीच्या वायरीतूनच वीज येते आणि तिच्यावर संगणकाचा कचरा चढलेला असतो. फुल-स्पीड यूएसबीमध्ये दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणून कित्येकदा ही शिट्टी बरोबर १ किलोहर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. आधी दुसरा पोर्ट बघा, शक्यतो मागचा. हब वापरत असाल तर काढा, किंवा स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या. यूएसबी २.० चा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. विजेशिवायच्या हबवर तेवढ्यातच कीबोर्ड, माउस, हार्ड डिस्क आणि इंटरफेस भागवायचे, मग कुरकुर होणारच. ५० किंवा ६० हर्ट्झची जाड गुणगुण असती तर मी अर्थ लूपकडे बघा म्हणालो असतो: संगणक एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या सॉकेटवर आणि मध्ये ऑडिओ केबल. ती सगळी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणली की पुष्कळदा जाते.

पंखा: याचा उपाय यंत्रात नाही, बसण्यात आहे. तुमचा माइक बहुधा कार्डिऑइड जातीचा असेल. तो समोरचं सगळ्यात जास्त ऐकतो आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी. तेव्हा माइकची शेपटी डब्याकडे करा आणि तुम्ही समोर या. त्याहून अरुंद ऐकणारा सुपरकार्डिऑइड असेल तर त्याचा बहिरा कोन थेट मागे नसून १२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे माइक जरा तिरका ठेवावा लागेल. आणि जवळ या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि पंखा आहे तिथेच राहतो. चार बोटांच्या अंतरावर, पण थेट फुंकर बसणार नाही असं जरा बाजूने बोला. फार जवळ गेलात तर आवाज उगाच घुमारेदार, जाड होतो. काहींना ते आवडतं. तासभर ऐकायला मला नाही आवडत.

---

कुंपणावरचा

दुसरा पर्याय सरळ आहे. माइक लांब न्या. एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते (एकच सिग्नल दोन तारांतून सुलटा-उलटा जातो आणि वाटेतला गोंगाट शेवटी वजा होतो), खूप लांब नेली तरी गोंगाट फारसा पकडत नाही. यूएसबी माइकचं तसं नाही, यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच. छोटा डबा मॉनिटरच्या पाठीला अडकवलेला असतो, म्हणजे पंखा कायम तोंडासमोर. त्यामुळे वेगळा इंटरफेस घेतलात ते चांगलंच झालं.

---

मधुरव

माझ्याकडे कॉलरचा वायरलेस माइक आहे, छोटा रिसीव्हर यूएसबीत खुपसायचा. छोट्या डेस्कटॉपवर मधूनमधून तुटतो, मित्राच्या लॅपटॉपवर नाही. माइक खराब असेल का?

---

तारतम्य

रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल तर आधी शेजार बघा. यूएसबी ३.० ची भोकं, केबली आणि बाहेरच्या हार्ड डिस्क चालू असताना त्याच पट्ट्यात गोंगाट फेकतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर कागदच प्रसिद्ध केला होता. छोट्या डब्यात सगळी भोकं एकमेकांना खेटून, त्यामुळे त्रास जास्त. अर्धा-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर हार्ड डिस्कपासून लांब, तुमच्या दिशेला ठेवा.

---

ऐकीव

पोर्ट बदलला, हब काढला, शिट्टी गेली. माइकची पाठ डब्याकडे केली, पंखाही बराच दबला. गेनचं बटण किती ठेवू? सध्या हिरवा दिवा मधूनच लाल होतो.

---

सांजवेळ

लाल एकदाही नको. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही छत आहे, तिथे आवाजाचं डोकं सपाट कापलं जातं आणि ते नंतर कशानेही जोडता येत नाही. पुस्तकातलं सगळ्यात जोरकस वाक्य वाचा आणि टोक −१२ डेसिबलच्या आसपास राहील असं गेन ठेवा. कमी वाटलं तरी घाबरू नका, २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलंत तर नंतर वाढवायला भरपूर वाव असतो. विंडोजमध्ये त्या माइकच्या प्रॉपर्टीजमधली "ऑडिओ एन्हान्समेंट्स" बंद करा, आणि तिथला सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते) आणि ऑडॅसिटीतला रेट एकच ठेवा.

---

दुपारची_झोप

धागा जरा पळवतो, माफी असावी. माझा छोटा डेस्कटॉप म्हणजे रास्पबेरी पाय ४, एकाच छोट्या सर्किट बोर्डवरचा संगणक. त्याच्या ३.५ मिमी भोकाला तर चार भागांची पिन लागते असं वाचलं, मग वाय स्प्लिटर लावून हेडसेटचा माइक का चालत नाही? लिनक्समध्ये काही बदलावं लागतं का?

---

तारतम्य

काहीही बदललंत तरी चालणार नाही. त्या भोकातला चौथा संपर्क माइकचा नाही, जुन्या टीव्हीसाठीच्या कंपोझिट व्हिडिओचा आहे. म्हणजे माइकच्या जागेतून तुमच्या हेडसेटला चित्र मिळतंय. पाय ५ वर तर ते भोकच काढून टाकलंय. पायला माइक म्हणजे यूएसबी, किंवा वर बसवायचं वेगळं ऑडिओ कार्ड.

यूएसबी माइक लावल्यावर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (लिनक्समधला आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम) उघडा, एफ६ दाबून यूएसबीचं कार्ड निवडा, मग एफ४ ने कॅप्चरचा पडदा. तिथे पट्टी वर न्या आणि स्पेस बार दाबून कॅप्चर चालू झालंय ना ते बघा. एफ६ विसरलात तर पायच्या स्वतःच्या कार्डाचा पडदा उघडेल आणि तो म्हणेल की कॅप्चर करण्यासारखं इथे काहीच नाही.

---

दुपारची_झोप

एफ६ नेच काम झालं. पट्टी शून्यावर होती.